अंगण कुठं आहे?

मुलांनो, परवा वर्गात एकजण आनंदानं सांगत होता, "बाई, आमची बिल्डिंग पाडून टॉवर होणार! घर मोठं मिळणार!" मी विचारलं, "आणि खेळायचं कुठं?" स्वारी गप्प!

मला नवी मुंबईतल्या बेलापूरची वसाहत आठवली. शहर वसवायला १९७० साली सिडको स्थापन झाली. तिच्यासाठी वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ही छोटी घरं आखली. सात घरांच्या मधे एक अंगण! दोन घरांत सामाईक भिंत नाही. कुटुंब वाढलं, की शेजाऱ्याला धक्का न लावता घर वाढवता यावं म्हणून. याला म्हणतात पुढचा विचार!

तुमच्याकडे नवा नकाशा आला, की आई-बाबा खोल्या मोजतील. तुम्ही अंगण शोधा. दिसलं नाही, तर त्यांना सभेत विचारायला सांगा. टॉवर उभा राहिल्यावर अंगण आणायचं कुठून?