संयुक्त राज्यकारभार व लहान पक्षाचें इमान

राजकारण हा प्रौढांचा विषय, विद्यार्थ्यांनीं त्यांत डोकावूं नये, असें कित्येक पालक म्हणतात. आमचें मत निराळें आहे. एकट्या पक्षाच्या बळावर सरकार उभें राहत नाहीं, तेव्हां अनेकांना एकत्र यावें लागतें. अशा वेळीं लहान प्रांतिक पक्षानें कसें वागावें, हा प्रश्न मूळचा नीतीचाच आहे. बोर्निओ बेटावरील साबाह प्रांताचें उदाहरण ह्या बाबतींत बोधप्रद आहे.

साबाह १९६३ सालीं मलेशियांत सामील झाला. तेथें कडाझान-दुसुन, बजाऊ, मुरुत, चिनी असे नाना वंशांचे व नाना धर्मांचे लोक राहतात. १९८५ सालीं जोसेफ पैरिन किटिंगान यांनीं तेथें 'पार्ती बर्सातू साबाह' हा पक्ष काढला. 'बर्सातू' म्हणजे एकवटलेला. त्याचा मुख्य आधार कडाझान-दुसुन लोकांत होता खरा. पण त्याचीं द्वारें सर्वांस खुलीं होतीं. दोन महिन्यांच्या आंतच त्यानें ४८ पैकीं २५ जागा जिंकल्या. विरोधकांनीं नेमणुकीच्या सभासदांची भर धरून पहाटेच आपला मुख्यमंत्री शपथबद्ध करविला. परंतु तो दिवस मावळण्यापूर्वींच ती नेमणूक रद्द होऊन पैरिन यांच्या हातीं अधिकार आला.

१९८६ सालीं हा पक्ष मध्यवर्ती सत्ताधारी 'बारिसान नास्योनाल' आघाडींत शिरला. तेलाच्या उत्पन्नांतून प्रांतास शेंकडा ५ एवढाच वाटा मिळे. हें व इतर गाऱ्हाणीं दूर होईनात. तेव्हां १९९० सालीं, सार्वत्रिक निवडणुकीचे अर्ज भरून झाल्यावर, मतदानास अवघे कांहीं दिवस उरले असतां, पक्षानें आघाडी सोडून विरोधकांचा हात धरला. सोबत्यांस तेथें आपले उमेदवार उभे करण्यास अवसरच राहिला नाहीं.

गाऱ्हाणें न्याय्य होतें, ह्याविषयीं आम्हांस संशय नाहीं. पण सोबत सोडावयाची तर ती वेळेवर सांगून सोडावी. विश्वास एकदां तुटला कीं त्याचें मोल दोन्ही पक्षांस द्यावें लागतें. १९९१ सालीं आघाडींतील बलाढ्य 'उम्नो' पक्ष स्वतःच साबाहांत उतरला. १९९४ सालीं बर्सातूस पुनः २५ जागा मिळाल्या. तरी शपथविधीसाठीं पैरिन यांस राज्यपालांच्या वाड्याच्या बंद फाटकाबाहेर मोटारींत सुमारें दीड दिवस तिष्ठावें लागलें. पुढें थोड्याच आठवड्यांत त्यांचेच सभासद फुटले व सरकार कोसळलें. मतदारांनीं दिलेला कौल निवडून आलेल्यांनींच फिरविला! अशा पक्षांतरास आळा घालणारी घटनादुरुस्ती आपल्या देशांत १९८५ सालीं झाली. मलेशियाच्या संसदेनें ती २०२२ सालीं केली.

हा पक्ष २००२ सालीं आघाडींत परतला, २०१८ सालीं तिचा देशांत पराभव होतांच पुनः बाहेर पडला, आणि २०२० सालीं प्रांताच्या नव्या संयुक्त सरकारांत सामील झाला. कोणी म्हणतील, एवढी धडपड कशाला? लहानानें मोठ्यांत विलीन व्हावें हें बरें. आम्हांस हें मान्य नाहीं. मोठ्या पक्षाची नजर राजधानीकडे असते. डोंगरांतल्या मुरुत शेतकऱ्याचें म्हणणें तेथें पोंचविण्यास त्याच मातींतला कोणी तरी हवा. मात्र त्याच्या शब्दास वजन असेल तरच तें म्हणणें ऐकलें जाईल.

विद्यार्थिमित्रहो, उद्यां मताचा अधिकार तुमच्या हातीं येईल. तेव्हां उमेदवाराचा वंश वा जात विचारूं नका. त्यानें पूर्वीं दिलेला शब्द पाळला कीं नाहीं, एवढें अवश्य विचारा.