तारण काय देणार?

१९९०च्या आसपासची गोष्ट. मी तेव्हा कल्याणमधल्या एका बँकेच्या शाखेत कर्जविभागात होतो. एका दुपारी एक तरुण समोर येऊन बसला. खांद्याला शबनम, शबनममध्ये पटकथेची फाइल. त्याला मराठी चित्रपट काढायचा होता. मी शिरस्त्याप्रमाणे विचारलं, "तारण काय देणार?" त्यानं फाइलच पुढे सरकवली. मी हसलो. हसायला नको होतं. अर्ज अर्थातच नामंजूर झाला. ठेवीदारांचा पैसा कथेच्या तारणावर देता येत नाही, आणि नियम म्हणून ते योग्यच आहे.

मग अशा मुलानं जायचं कुणाकडे?

ब्रिटनमध्ये या प्रश्नाला एक उत्तर आहे: टेलिव्हिजनकडे. तिथलं चॅनेल फोर १९८२ साली सुरू झालं. मालकी सार्वजनिक, उत्पन्न मात्र जाहिरातींचं. या वाहिनीनं पहिल्या दिवसापासून चित्रपटांत पैसा घातला. 'माय ब्यूटिफुल लॉन्ड्रेट' (१९८५) हा धोबीखान्याच्या धंद्यात पडलेल्या पाकिस्तानी वंशाच्या तरुणाचा चित्रपट मुळात टीव्हीसाठी, थोडक्या पैशांत काढलेला. तो थिएटरांत पोचला आणि गाजला. बीबीसीही हेच करत आली आहे. आपल्या धारावीतलं 'स्लमडॉग मिलियनेअर' (२००८) उभं राहिलं त्यातही चॅनेल फोरचा पैसा होता. त्याच्याही वीस वर्षं आधीच्या 'सलाम बॉम्बे'त तर एका बाजूला चॅनेल फोर आणि दुसऱ्या बाजूला आपलं एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ, असे दोघे भागीदार होते.

तेव्हा ही काही निव्वळ साहेबाची युक्ती नव्हे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. आमच्या डोंबिवलीच्या चाळीत एकच टीव्ही, आणि शनिवारच्या मराठी चित्रपटाला त्या घरात पाय ठेवायला जागा नसे. यजमानीणबाई बिचाऱ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून पाहत! पण दूरदर्शननं चित्रपट नुसते दाखवले नाहीत, काढलेही. सत्यजित राय यांचा 'सद्गती' (१९८१) दूरदर्शनसाठीच झाला. १९९५ साली तर एनएफडीसी आणि दूरदर्शन यांच्या पैशातून मराठीत दोन चित्रपट आले: अमोल पालेकरांचा 'बनगरवाडी' आणि सुमित्रा भावे–सुनील सुकथनकर यांचा 'दोघी'. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर आलेला एक कोवळा मास्तर आणि शेवटी पडणारा दुष्काळ. किंवा पोट भरण्यासाठी मुंबईला पाठवलेली थोरली बहीण आणि तिचं नाव घ्यायला कचरणारी आई. सांगा, कुठल्या सावकारानं यावर पैसा लावला असता?

इथं माझ्यातला बँकवाला जागा होतो. कर्ज, अनुदान आणि भागीदारी या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. कर्जाला तारण लागतं. राज्य सरकारचं अनुदान चित्रपट पुरा झाल्यावर, परीक्षण होऊन मिळतं; तोवर निर्मात्याच्या बायकोचे दागिने गहाण पडलेले असतात. १९९९ नंतर खासगी मराठी वाहिन्या आल्या, त्यांनी हक्क विकत घेतले, त्याचा मराठी चित्रपटाला उपयोगही झाला. पण त्यांचा ओढा साहजिकच तयार, चाललेल्या, ओळखीच्या चेहऱ्यांच्या मालाकडे. सार्वजनिक वाहिनीचा पैसा पटकथेच्या टप्प्यावर येतो, जोखमीत वाटा उचलतो, चित्रपट चालला तर नफ्यातही वाटा मागतो आणि प्रक्षेपणाची हमी देतो. ही भागीदारी झाली. नेमकी तीच आज आपल्याकडे क्षीण आहे.

सरकारी पैसा म्हणजे फायली, वशिला आणि वरून येणारे फोन, असं कुणी म्हणेल. फायलींत मी उभा जन्म घालवला आहे, त्यामुळे हरकत मला मान्य आहे. बीबीसीवरही सरकारचे डोळे असतातच की! पण वशिल्याला उतारा आहे: निवड समितीतली नावं, निवडलेल्या पटकथा आणि दिलेली रक्कम दरवर्षी छापून जाहीर करा. सामग्री तर हाताशी आहे. २०२२ साली फिल्म्स डिव्हिजन, चित्रपट संग्रहालय वगैरे संस्था एनएफडीसीत विलीन झाल्या. प्रसार भारतीनं नोव्हेंबर २०२४मध्ये 'वेव्हज्' हा मंच सुरू केला. या दोघांनी पुन्हा एकत्र बसावं, वर्षाला पाच मराठी पटकथा निवडाव्यात आणि सह्याद्रीवर शनिवारची संध्याकाळ त्यांच्यासाठी राखून ठेवावी. ठाण्याच्या मल्टिप्लेक्समध्ये मराठी चित्रपटाला सकाळी अकराचा खेळ मिळतो, तेव्हा डोंबिवलीतला त्याचा प्रेक्षक मुंबईत कचेरीच्या टेबलाशी असतो. शनिवारी संध्याकाळी तो घरी असतो.

तो तरुण मला नंतर एकदा दिसला, डोंबिवली स्टेशनच्या पुलावर. शबनम नव्हती, हातात डब्याची पिशवी होती. ओळख लागली, दोघेही थबकलो. पण गाडी लागली होती. त्यालाही ती गाठायची होती, मलाही.