पाण्याखाली जाताना काय न्यावे, काय ठेवावे?



संसारोपयोगी वस्तूंची निवड हा आपल्या या सदराचा नेहमीचा विषय. आजची वस्तू मात्र थोडी निराळी आहे. समुद्राच्या पाण्याखाली श्वास घेत उतरण्यासाठी, म्हणजे स्कूबा डायव्हिंगसाठी लागणाऱ्या सामानाबद्दल आज आम्ही लिहीत आहोत. "हे श्रीमंतांचे खेळ, आपल्याला काय करायचेत?" असे कोणी म्हणेल. पण आता तसे राहिलेले नाही. मालवण-तारकर्लीला हा व्यवसाय उभा राहिला आहे. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्रही तारकर्लीलाच आहे. तेथे किंवा अन्यत्र शिकून तरुण मुले गोव्यात, अंदमानात कामाला जातात. रत्नागिरी, लांजा, राजापूरकडच्या आपल्या घरांतही हा विषय निघू लागला आहे.

आणि विषय निघाला की प्रश्न येतो पैशांचा. मुलगा किंवा मुलगी कोर्स करून येते आणि म्हणते, "आता स्वतःचे सामान पाहिजे. प्रवासाला नेण्याजोगे, हलके. तसले खास सामान मिळते." वडील पोस्टातली आवर्ती ठेव मोडायला निघतात, आई बचत गटाकडून कर्ज काढण्याचा विचार करते. एका घराची दोन-तीन वर्षांची बचत एका पिशवीत जाणार असेल, तर त्या पिशवीत काय असावे याचा नीट विचार झालाच पाहिजे.

त्याआधी एक गोष्ट सांगणे आम्हाला आवश्यक वाटते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. ज्या तळ्यावर गुराढोरांना मज्जाव नव्हता, त्या तळ्यावर माणसांना बंदी होती. त्या पाण्याचा कोर्टकज्जा १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात संपला आणि निकाल आपल्या बाजूने लागला. ज्यांना तळ्याच्या पायरीवर उभे राहू दिले जात नव्हते, त्यांच्या घरात पोहण्याची परंपरा कोठून असणार? म्हणून आपले मूल समुद्राच्या तळाशी जाऊन परत वर येते आणि त्यावर पोट भरू पाहते, तेव्हा त्याला "नसते धंदे" म्हणून झिडकारू नये. त्याला साथ द्यावी, पण डोळे उघडे ठेवून द्यावी.

आता मुद्द्याकडे येऊ. पहिल्यांदा मजा म्हणून पाण्याखाली जायचे असेल तर काहीही विकत घेऊ नये. शुल्कात सर्व सामान आलेले असते आणि प्रशिक्षक हात धरून नेतो. सामानाचा विचार करायचा तो साधारण १८ मीटरपर्यंत उतरण्याचा पहिला रीतसर कोर्स पूर्ण झाल्यावर, आणि पुढेही वारंवार जायचे आहे हे नक्की झाल्यावर.

निवड कशी करावी? आपल्या भिक्खूसंघाचा अष्टपरिष्कार आठवा. तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कंबरपट्टा आणि पाणी गाळण्याचे वस्त्र, एवढ्यावर भिक्खू गावोगाव फिरतो. जे स्वतःच्या देहाला लागते ते बरोबर, बाकीचे जेथे जाईल तेथले. स्कूबाच्या सामानालाही हाच नियम लावावा. जे आपल्याच अंगाला, चेहऱ्याला, पावलाला बसले पाहिजे ते आपले असावे. जे जड आहे आणि कोणालाही चालते ते तिथल्या केंद्राचे वापरावे.

सर्वांत जड वस्तू म्हणजे पाठीवरची टाकी. नेहमीची अॅल्युमिनियमची टाकी साधारण १४ किलोची, म्हणजे जवळजवळ आपल्या घरच्या रिकाम्या गॅस सिलिंडरइतकी असते. तिच्यात ऑक्सिजन असतो असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. आपण घेतो तीच हवा गाळून, सुमारे २०० बार दाबाने भरलेली असते. मोटारीच्या चाकात दोन-सव्वादोन बार दाब असतो, यावरून कल्पना करा. ही टाकी आणि कमरेची शिशाची वजने कोणी प्रवासात नेत नाही. ती प्रत्येक केंद्रावर असतात. ती विकत घेण्याच्या भानगडीत पडूच नये.

आता आपले काय असावे, ते क्रमाने पाहू.

पहिला मास्क. प्रत्येकाचा चेहरा निराळा, त्यामुळे दुसऱ्याचा मास्क गळतो. दुकानात पट्टा न लावता मास्क चेहऱ्यावर ठेवावा आणि नाकाने हलकेच श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चेहऱ्याला चिकटून राहिला तर बसला असे समजावे. काच टेम्पर्ड आणि कडा सिलिकॉनची असावी. आतली पोकळी जितकी लहान, तितके शिरलेले पाणी बाहेर काढणे सोपे. पोहण्याचा साधा गॉगल येथे चालत नाही. दहा मीटर खोलीवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि मास्कमधली हवा आकसते. ती नाकाने थोडी हवा सोडून भरून काढावी लागते, म्हणून नाक मास्कच्या आत हवे. अख्खा चेहरा झाकणारा जो स्वस्त मास्क बाजारात मिळतो, तो पृष्ठभागावर तरंगत पाहण्यापुरता आहे. टाकी लावून खाली जाण्यासाठी तो घेऊ नये. चष्मा असणाऱ्यांना नंबराची काच बसवलेले मास्क मिळतात. मास्क आणि श्वासाची नळी मिळून अर्धा किलोसुद्धा होत नाही. एकच वस्तू घ्यायची ऐपत असेल तर हीच घ्यावी.

दुसरे, पायांतले पंख, ज्यांना फिन म्हणतात. आपल्याकडचे पाणी उबदार असल्यामुळे अनवाणी पायात बसणारे, बुटासारखे बंद टाचेचे फिन पुरतात. टाच उघडी असलेल्या पट्ट्याच्या जड फिनांची जोडी दोन किलो आणि वर त्यासाठी वेगळे बूट लागतात. बंद टाचेचे आखूड फिन सव्वा किलोच्या आसपास मिळतात. मात्र पाऊल घट्ट आवळणारे घेऊ नयेत. पायात गोळा आला तर समुद्रात थांबून चोळायला जागा नसते. ज्याला रोज प्रवाहात पर्यटकांना घेऊन पोहायचे आहे, त्याने फार आखूड फिनही घेऊ नयेत. जोर कमी पडतो.

तिसरा पोशाख. आपल्या समुद्राचे पाणी वर्षभर साधारण २६ ते ३० अंश असते. वर्षातून दोन-चार वेळा जाणाऱ्याला लांब बाह्यांचा लायक्राचा अंगरखा आणि विजार पुरते. वजन पाव किलो, रात्रीत वाळते, ऊन आणि खरचटणे दोन्हींपासून वाचवते. रोज तीन-तीन वेळा पाण्यात जाणाऱ्याला मात्र उबदार पाण्यातही थंडी भरते, कारण पाणी अंगातली उष्णता हवेपेक्षा फार लवकर ओढून घेते. त्याने ३ मिलिमीटर जाडीचा सूट घ्यावा. तो दीड-दोन किलो भरतो आणि ओला झाला की आणखी जड होतो.

चौथे, मनगटावरचा डाइव्ह कॉम्प्युटर. किती खोल गेलो, किती वेळ झाला आणि आणखी किती वेळ सुरक्षित आहे, हे तो सांगतो. घड्याळाएवढा असतो, वजनाचा प्रश्नच नाही. या कामात टिकायचे ठरले असेल तर मास्कनंतर पैसा येथे घालावा. साधा, आकडे मोठे दिसणारा पुरे. रंगीत पडदा नसला तरी जीव तितकाच राखला जातो.

येथपर्यंतचे सामान कष्टकरी घराला हळूहळू जमणारे आहे. पाचवे आणि सहावे सामान म्हणजे रेग्युलेटर आणि हवेचे जॅकेट. खर्च आहे तो येथेच. दोन्ही मिळून पन्नास हजारांच्या पुढे सहज जाते.

रेग्युलेटर टाकीतला प्रचंड दाब कमी करून आपल्याला श्वासापुरती हवा देतो. १९४३ साली फ्रान्समध्ये कूस्टो आणि गान्यां या दोघांनी तो आजच्या स्वरूपाकडे आणला आणि माणूस पाण्याखाली मोकळा फिरू लागला. या वस्तूत "हलके किती" हा शेवटचा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की, याची वर्षाला तपासणी कोठे होईल आणि सुटे भाग कोठे मिळतील? ज्याची दुरुस्ती आपल्या आवाक्यातल्या शहरात होत नाही, तो कितीही हलका असला तरी घेऊ नये. तो टाकीला जोडण्याच्या दोन पद्धती आहेत, योक आणि डीन. आपल्याकडे योक जास्त दिसते, तरी जेथे काम करायचे तेथे आधी विचारावे. वापरलेला रेग्युलेटर स्वस्तात मिळाला, तर जाणकाराकडून उघडून तपासल्याशिवाय तोंडाला लावू नये. तेथे श्वासाचा प्रश्न आहे.

जॅकेट हवा भरून माणसाला तरंगत ठेवते. साधे जॅकेट चार किलोच्या आसपास, खास प्रवासी जॅकेट सव्वादोन किलोपर्यंत. हे वजन कमी होते कशाने? कापड पातळ, खिसे कमी, पाठीची ताठ पाटी काढून टाकलेली, कड्या धातूऐवजी प्लास्टिकच्या. वर्षातून दोनदा विमानाने जाणाऱ्या हौशी माणसाला ते ठीक. होडीच्या लाकडावर रोज आपटणार, मिठात-उन्हात वाळणार, अशा कामाला जाड कापडाचे साधे जॅकेटच टिकते. बहुतेक वेळा कामाच्या ठिकाणी ते केंद्राकडून मिळते. म्हणून नोकरी लागण्याआधी ते घेण्याची घाई करू नये.

आता एक हिशेब मांडू. नेहमीचे सामान घेतले तर मास्क अर्धा, फिन दोन, सूट दोन, जॅकेट चार, रेग्युलेटर अडीच, म्हणजे ११ किलो. सर्व हलके घेतले तर मास्क अर्धा, फिन सव्वा, लायक्रा पाव, जॅकेट सव्वादोन, रेग्युलेटर पावणेदोन, म्हणजे ६ किलो. पाच किलो वाचले. पण नीट पाहा. त्यातले अडीच किलो फिन आणि पोशाख बदलून थोड्या पैशांत वाचतात. उरलेल्या अडीच किलोंसाठीच घरची ठेव मोडावी लागते.

आणि ते वाचवायचे कोणासाठी? रत्नागिरीहून कुडाळला किंवा मडगावला आपण कोकण रेल्वेने जातो. स्लीपरच्या डब्यात ४० किलोपर्यंत सामानाला मोफत मुभा आहे. वजनाची ओढाताण होते ती विमानात. देशांतर्गत बहुतेक विमानांत मोठ्या बॅगेला १५ आणि हातातल्या पिशवीला ७ किलोंची मर्यादा असते. अंदमानला जाणाऱ्याने रेग्युलेटर, मास्क आणि कॉम्प्युटर हातातल्या पिशवीत घ्यावे, म्हणजे आदळआपट होत नाही. टॉर्चच्या सुट्या बॅटऱ्याही हातातच ठेवाव्यात. चाकू मात्र मोठ्या बॅगेत.

परतीचा एक नियम सामानापेक्षा महत्त्वाचा आहे. पाण्याखाली दाबामुळे रक्तात नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळूच बाहेर पडतो. लगेच उंचावर गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधे दुखण्यापासून लुळेपणापर्यंत काहीही होऊ शकते. म्हणून एकदाच डुबकी घेतली असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास आणि अनेक डुबक्या असतील तर १८ तास जमिनीवर काढावेत. आंबोली घाट सुमारे ७०० मीटर उंच आहे. दिवसभर डायव्हिंग करून त्याच संध्याकाळी तारकर्लीहून बेळगावकडे घाट चढण्याचा बेत असेल तर प्रशिक्षकाला आधी विचारावे. रत्नागिरीकडे येणारी वाट किनाऱ्याजवळची, तिथे ही अडचण नाही. तसेच दमा, हृदयविकार, कानाचा जुना आजार असेल तर अर्जात लपवू नये.

सामानाची निगा घरातल्या कोणालाही राखता येते. वापरानंतर गोड्या पाण्यात बुडवून ठेवावे, रेग्युलेटरच्या तोंडावर टोपण घट्ट बसवूनच. नंतर सावलीत वाळवावे. उन्हात रबर तडकते. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्याचा पातळ थर असतो, तो आतून साध्या टूथपेस्टने चोळून काढावा. नाहीतर काच सारखी धुरकट होते.

तेव्हा पालकांनो, क्रम लक्षात ठेवा. आधी मास्क, मग फिन आणि पोशाख, मग कॉम्प्युटर. रेग्युलेटर आणि जॅकेट पहिले दोन-चार पगार हातात आल्यावर, मुलाच्या किंवा मुलीच्या स्वतःच्या कमाईतून. आणि ठेव मोडायचीच असेल तर पुढच्या वरच्या कोर्ससाठी आणि प्रथमोपचाराच्या प्रशिक्षणासाठी मोडा. ते विमानात वजनात धरत नाहीत आणि समुद्रात हरवतही नाही. बाबासाहेबांनी 'शिका' हा शब्द पहिला ठेवला, तो या कामालाही लागू आहे.

जयभीम!