वारसा कोणाचा आणि वारस कोण?

आपल्या मंडळींच्या बैठकीत हैदराबादच्या जुन्या इमारतींचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : ‘ते सारे निजामाचे, आपला वारसा वेरूळ-अजिंठ्याला, पैठणला, देवगिरीवर.’ हे म्हणणारे शिकलेसवरलेले असतात, त्यांच्या चार-चार पिढ्या याच शहरात गेलेल्या असतात आणि त्यांच्या मनात कोणाविषयी आकसही नसतो. तरीही हे वाक्य असत्य आहे, आणि त्या असत्याची किंमत आपण पिढ्यान्‌पिढ्या मोजत आलो आहोत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रथम वेरूळ-अजिंठ्याचेच पाहू. १९१४ साली हैदराबाद संस्थानात पुराणवस्तू खाते स्थापन झाले आणि गुलाम यझदानी त्याचे प्रमुख झाले. अजिंठ्याची चित्रे भिंतींवरून गळून पडू लागली तेव्हा याच खात्याने १९२० च्या सुमारास इटलीहून तज्ज्ञ आणवून ती सावरली. यझदानींनी त्या चित्रांचे जे खंड सिद्ध केले, ते आजही अभ्यासकांना टाळता येत नाहीत. पब्लिक गार्डनमधील वस्तुसंग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती आहेत. आपल्यापैकी कितींनी त्या पाहिल्या आहेत? उस्मानिया विद्यापीठाच्या कला महाविद्यालयाची वास्तू १९३९ साली पुरी झाली. तिचे खांब नीट निरखले तर लेण्यांतील खांब ओळखू येतात. ज्याला आपण ‘आपले’ म्हणतो ते हैदराबादच्या कचेरीने राखले, आणि ज्याला ‘त्यांचे’ म्हणतो त्यात वेरूळ उतरले आहे. मग ही वाटणी करायची कोठून?

दुसरा मुद्दा पैशाचा. २८ सप्टेंबर १९०८ च्या मुसीच्या महापुरानंतर हे शहर नव्याने बांधले गेले. १९१२ साली नगरसुधारणा मंडळ आले. उच्च न्यायालय, सिटी कॉलेज, उस्मानिया रुग्णालय या वास्तू व्हिन्सेंट एश यांच्या हातून उभ्या राहिल्या. हा खर्च सरकारी खजिन्यातून झाला, आणि त्या खजिन्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड, उस्मानाबाद या पाच मराठी जिल्ह्यांचा शेतसारा जमा होत होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात गेला. पण त्याच्या शेतकऱ्याचा घाम या दगडांत राहिला, तो कोणी परत नेला नाही. हिशेबाच्या भाषेत बोलायचे तर या मालमत्तेत आपले भांडवल आहे, आणि भागीदाराने आपला भाग नाकारणे हा अव्यवहारीपणा आहे.

तिसरा मुद्दा लेखणीचा, आणि सरकारी नोकरीत हयात घालवलेल्या माणसाला तो अधिक जिव्हाळ्याचा. पहिल्या सालारजंगांच्या सुधारणांपूर्वी या राज्याचे हिशेब दोन घराण्यांच्या हाती होते : दफ्तर-ए-माल मालवाला कायस्थांकडे आणि दफ्तर-ए-दिवानी रायरायान या मराठी घराण्याकडे. राज्याची राजभाषा फारसी असताना आपले कारकून मोडीचे बंद लिहीत होते. शहाअलीबंड्याला रायरायानांच्या देवडीचा घड्याळाचा मनोरा आहे. त्याच्या तबकड्यांवर वेगवेगळ्या लिप्यांतील आकडे आहेत. एका मराठी सरदाराने शहराला वेळ सांगताना कोणत्या वाचकाला वगळायचे नाही, हे ठरवले होते. आपण मात्र त्या मनोऱ्याखालून जाताना मान वर करीत नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाही. निजामी राजवटीत मराठीची गळचेपी झाली, १९३८ साली ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानियातून विद्यार्थ्यांना काढून टाकले, रझाकारांनी घरेदारे जाळली. त्या सत्तेच्या महालांसाठी आम्ही का गळा काढावा? या जखमा खऱ्या आहेत. माझ्या घरातही त्या सोसलेली माणसे होती. परंतु जुलमाचा राग दगडावर काढून जुलमाचा इतिहास शिल्लक राहत नाही. त्याचा साक्षीदार तेवढा नाहीसा होतो. स्वामी रामानंद तीर्थांनी या सत्तेशी झुंज दिली आणि त्यांची समाधी याच शहरात, बेगमपेठेत आहे. त्यांचा लढा राजवटीशी होता, शहराशी नव्हता. केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्या पिढीने १९०७ साली विवेकवर्धिनी उभी केली, १९३१ साली डॉ. केतकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन येथे भरले. हे सारे त्याच राजवटीत, याच मातीत घडले. या शहरावरचा हक्क त्यांनी कधी सोडला नाही. तो आपण का सोडावा?

हक्क सोडल्याने काय होते, ते अलीकडच्या घटना सांगतात. डिसेंबर २०१५ मध्ये वारसा वास्तूंना संरक्षण देणारा नगरविकास नियमावलीतील तेरावा नियम रद्द झाला आणि यादीतील अनेक वास्तू एका फटक्यात उघड्या पडल्या. २०१७ साली नवा वारसा कायदा आला, तरी २०१९ साली इर्रम मंझिल पाडून तेथे विधानभवन बांधण्याचा निर्णय झालाच. काही नागरिक न्यायालयात गेले, आणि १६ सप्टेंबर २०१९ रोजी उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. सैफाबाद राजवाड्याला हे भाग्य लाभले नाही. १८८८ साली बांधलेली ही वास्तू जुन्या सचिवालयाबरोबर २०२० साली जमीनदोस्त झाली. या लढ्यांत कागद घेऊन उभे राहणाऱ्यांत मी नव्हतो. ‘आपल्याला काय त्याचे?’ हे वाक्य मीही मनात म्हटले होते, याची आज लाज वाटते. शासनयंत्रणा मी आतून पाहिली आहे. जेथे हरकत येत नाही तेथे फाईल अडत नाही. आणि ज्या समाजाची एकही लेखी हरकत नोंदलेली नसते, तो समाज त्या फाईलीपुरता अस्तित्वातच नसतो.

पण सरकारला बोल लावण्यापूर्वी आपल्या उंबरठ्याच्या आत पाहावे. काचीगुडा, सुलतानबाजार, गौळीगुडा येथील आपले चौकाचे वाडे कोणी पाडले? कोणत्याही मंत्रिमंडळाने नव्हे. भाऊबंदकी मिटवण्यासाठी आपणच ते बिल्डरच्या हवाली केले. माझ्या आजोबांच्या मोडी कागदांचे दोन रुमाल आमच्या घरी माळ्यावर होते. घर रंगवायला काढले तेव्हा, ‘वाचता कोणाला येते?’ म्हणून, माझ्या संमतीने ते रद्दीत गेले. वजनावर किती पैसे आले ते आठवत नाही; त्यांत काय लिहिले होते ते आता कधीच कळणार नाही. आक्रमकांनी वारसा लुटला म्हणून हळहळणाऱ्याने आपल्या रद्दीवाल्याची पावती आधी तपासावी.

तेव्हा उपदेश पुरे. करण्याजोगी कामे तीनच सांगतो. प्रत्येक कुटुंबाने घरातील मोडी कागद, सनदा, खातेवह्या यांची यादी करून ते तारनाक्याच्या अभिलेखागाराकडे किंवा आपल्या ग्रंथसंग्रहालयाकडे सोपवण्याचा विचार करावा. आपल्या संस्थांनी मोडी वाचनाचा वर्ग चालवावा. चार विद्यार्थी आले तरी पुरे, कारण आज तेवढे वाचकही सहज सापडत नाहीत. आणि जुन्या वास्तूवर पुन्हा घाव पडण्याची वेळ आली तर, मग ती देवडी असो, मशीद असो, रुग्णालय असो, मराठी नावाने, मराठी संस्थेच्या शिक्क्याने लेखी हरकत जावी.

वारसा हक्काने मिळतो, पण वारस म्हणून नाव लागण्यासाठी अर्ज करावा लागतो. आपला अर्ज अजून कोणाच्या टेबलावर पोहोचलेला नाही.