कानांनी वाचावयाचे वृत्तपत्र

वृत्तपत्र ही डोळ्यांनी वाचण्याची वस्तू आहे, अशी आमची आजवरची समजूत होती. ती मोबाइलने खोटी ठरविली. दिवसाच्या बातम्या निवडावयाच्या, कोणीतरी त्या स्वच्छ आवाजात सांगावयाच्या आणि ते ध्वनिमुद्रण रोज श्रोत्यांच्या हाती द्यावयाचे, असा उद्योग आता वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांतूनच चालतो. यालाच पॉडकास्ट म्हणतात. हा शब्दही अलीकडचा. 'गार्डियन' या इंग्रजी पत्रात बेन हॅमर्स्ली यांनी तो २००४ साली वापरला. अमेरिकेतील 'न्यूयॉर्क टाइम्स'ने २०१७ च्या फेब्रुवारीत 'द डेली' सुरू केले, आणि पुढे अनेक देशांतील पत्रांनी हा मार्ग धरला. नानासाहेब परुळेकरांनी १९३२ साली पुण्यात काढलेल्या 'सकाळ'नेही मराठीत बातम्यांचे दैनिक पॉडकास्ट काढले.

मोठमोठ्या पत्रांच्या या खटाटोपाशी सुरतेतील आम्हां विद्यार्थ्यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांतील आमच्यापैकी अनेकांची घरे मूळची जळगाव, धुळे, नंदुरबारकडची. तापीकाठच्या रेल्वेने आमचे वडीलधारे येथे आले आणि यंत्रमागांवर कामाला लागले. बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाला अंक उलगडून वाचण्याचे त्राण उरत नाही. मागांच्या खडखडाटात तर शेजाऱ्याचा शब्दही ऐकू येत नाही. परंतु कामावर जाता-येता कानाशी मोबाइल धरता येतो. ज्या आजीला अक्षरओळखच झाली नाही, तिला तर छापील पान म्हणजे बंद दार. बातमी बोलू लागली, तेव्हा तिच्यासाठी ते दार प्रथमच उघडले.

वस्तुतः एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे, ही रीत जुनीच आहे. क्यूबा देशात हवाना शहरी चिरूटांच्या कारखान्यांत १८६५ सालापासून कामगार हातांनी पाने वळीत असत आणि उंच आसनावर बसलेला वाचक त्यांना वर्तमानपत्रे व पुस्तके मोठ्याने वाचून दाखवीत असे. त्या वाचकाचे वेतन कामगारच आपल्या मजुरीतून देत. हातांना काम असले म्हणून बुद्धीला उपवास घडू नये, हे त्या कष्टकऱ्यांनी ओळखले होते. म्हणून ऐकणे हे आळशाचे वाचन आहे, हा आक्षेप आम्हांस मान्य नाही.

या आवाजाचे आणखी एक महत्त्व आहे. आपल्या देशात खासगी एफ.एम. रेडिओला स्वतःच्या बातम्या तयार करून देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्याच त्यांना देता येतात. त्यामुळे वृत्तपत्राला स्वतःच्या आवाजात बोलण्याची सोय झाली, ती पॉडकास्टमुळे. त्या आवाजामागे पत्राचे नाव असते, संपादकाची जबाबदारी असते. चूक झाली तर कोणास विचारावे, हे ठाऊक असते. याउलट मोबाइलवर या हातातून त्या हातात फिरणाऱ्या निनावी निरोपांना धनी नसतो. बातमीवाचून भीती किती वाढते, हे या शहराने अनुभवले आहे. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भयाने लाखो माणसे सुरत सोडून निघाली. साथ खरी होती. पण खरे किती आणि ऐकीव किती, हे सांगणारा विश्वासाचा आवाज अशा वेळी घरोघर पोचला पाहिजे.

येथवर आम्ही या नव्या साधनाची बाजू मांडली. आता उणेही सांगितले पाहिजे. आमच्या वर्गभगिनीची आजी रोज सकाळी भाकरी थापताना एका मराठी पत्राचे पॉडकास्ट ऐकते. पुण्यामुंबईचे राजकारण तिला आमच्यापेक्षा अधिक ठाऊक असते. एके दिवशी गल्लीतील नळ कोरडे राहिले. दुरुस्तीसाठी पाणी बंद राहणार, ही सूचना आदल्या दिवशीच गुजराती पत्रात छापून आली होती. आजी सहज म्हणाली, "बाई गं, मुंबईचे सगळे सांगतात, मग आपल्या नळाचे का सांगत नाहीत?" आम्ही निरुत्तर झालो.

दोष त्या पत्राचा नव्हे. पुण्याच्या पत्राने पुण्याची आणि महाराष्ट्राची बातमी द्यावी, हे योग्यच. सुरतेची बातमी देण्यास १८६३ पासून चालत आलेले 'गुजरातमित्र' येथेच आहे. अडचण आहे ती मधल्या पायरीची. बाजारात, बसमध्ये गुजराती बोलणाऱ्या आमच्या वडीलधाऱ्यांना ती डोक्यावर रेघ नसलेली लिपी वाचता येत नाही. आणि प्रत्येक वेळी प्रश्न नळापुरताच असतो असे नाही. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा फार मोठा भाग बुडाला. तशा प्रसंगी कानाशी दूरच्या शहराची बातमी असावी आणि तापी दाराशी यावी, याहून मोठी विसंगती कोणती?

ही पायरी आम्हीच बांधू शकतो. मराठी आमची मातृभाषा व शिक्षणाची भाषा. गुजराती आम्ही शाळेत शिकतो. अहिराणी कित्येकांच्या घरात बोलली जाते. तीन भाषांची ही शिदोरी केवळ परीक्षेच्या गुणांसाठी नाही. प्रत्येकाने रोज संध्याकाळी गुजराती पत्रातील शहराच्या चार बातम्या वाचाव्यात आणि घरच्या माणसांना त्यांच्या बोलीत सांगाव्यात. शाळेनेही प्रार्थनेनंतर पाच मिनिटे 'सुरतवृत्ता'साठी द्यावीत, अशी आमची गुरुजनांना नम्र विनंती आहे. विद्यार्थ्यांनी आळीपाळीने बातम्या निवडाव्यात, त्या कोठून घेतल्या हे सांगावे, आणि चूक झाल्यास दुसऱ्या दिवशी ती सर्वांसमक्ष सुधारावी. पत्रकारितेचा पहिला धडा याहून वेगळा नाही.

यासाठी यंत्र नको, पैसा नको. पॉडकास्ट ऐकून आजीचे कान जगाकडे लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. दाराबाहेरच्या गल्लीचे वर्तमान मात्र तिला तिच्या नातवंडांच्या तोंडूनच कळावयास हवे. हवानाच्या कामगारांना वाचक मजुरी देऊन ठेवावा लागला. आमच्या घरांत तो विनावेतन हजर आहे. त्याने फक्त तोंड उघडावयाचे आहे.