मास्तरास फौजदार करू नका

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १ जानेवारी २०२६ पासून, देशात बेकायदा राहणाऱ्या प्रौढ परकीयांची नावे 'मेडी-कॅल' या आपल्या सरकारी वैद्यकीय योजनेत नव्याने नोंदवून घेणे थांबविले आहे. जानेवारी २०२४ मध्ये याच राज्याने ही योजना सर्व वयांच्या अशा रहिवाशांस खुली केली होती. खर्च अंदाजाबाहेर गेला, तूट आली आणि औदार्याचा हात आखडला. याबद्दल आम्ही गव्हर्नर न्यूसम यांस फारसा दोष देणार नाही. खजिना लोकांचा आहे, आणि तो कोणासाठी किती उघडावा हे ठरविण्याचा अधिकारही लोकांचाच आहे. मात्र हा अधिकार कोठवर पोचतो, हा प्रश्न निराळा असून त्याचा धडा त्याच राज्याच्या इतिहासात सापडतो.

८ नोव्हेंबर १९९४ रोजी तेथील मतदारांनी '१८७ वा प्रस्ताव' सुमारे ५९ विरुद्ध ४१ टक्के मतांनी मंजूर केला. राज्य मंदीने गांजलेले होते, आणि त्या असंतोषाच्या वाऱ्यावर गव्हर्नर पीट विल्सन यांनी आपले निवडणुकीचे गलबत हाकारले होते. बेकायदा रहिवाशांस सरकारी साहाय्य, तातडीचे नसलेले औषधपाणी आणि सरकारी शाळा बंद करावी, एवढेच त्या प्रस्तावात असते तर तो केवळ कठोर म्हणता आला असता. परंतु शाळेने प्रत्येक मुलाचे, इतकेच नव्हे तर त्याच्या आईबापांचेही कागद तपासावे आणि ज्यांचा संशय येईल त्यांची वर्दी सरकारात द्यावी, असेही त्यात कलम होते. दवाखान्यांवरही तशीच सक्ती होती.

ज्याने हजेरीपट हाती धरून वर्गात पाऊल टाकले आहे, त्यास या कलमाचा अर्थ निराळा समजावून सांगावयास नको. मुलाचे नाव पुकारावयाचे ते ते आले आहे की नाही हे पाहण्यासाठी. त्याच्या बापास पकडून देण्यासाठी नव्हे. एकदा का मास्तरांच्या हाती फौजदाराची वही दिसली, की मूल शाळेत यावयाचे थांबते, आणि त्याच्यामागोमाग त्याचा धाकटा भाऊही थांबतो, जो त्याच भूमीवर जन्मल्यामुळे अमेरिकेचा पुरा नागरिक आहे. सुक्याबरोबर ओलेही जळते ते असे. दवाखान्याची गोष्ट तर याहून उघड आहे. गोवराची साथ पारपत्र पाहून घरात शिरत नाही.

विरुद्ध पक्षाचे म्हणणे पोकळ आहे असे मात्र आम्ही समजत नाही. अमेरिकेत कायद्याने गेलेली आमची मराठी मुले कायमच्या वास्तव्याच्या परवान्यासाठी वर्षानुवर्षे रांगेत तिष्ठत आहेत. रांग मोडून शिरलेल्याचे लाड होत आहेत असे वाटून त्यांस संताप आला, तर तो स्वाभाविक आहे. पण लाड म्हणावे असे त्या माणसास मिळते तरी काय? १९९६ च्या कायद्याने मध्यवर्ती सरकारच्या बहुतेक साहाय्याची दारे त्यास बंदच केली आहेत. उलट त्यांपैकी अनेकांच्या पगारातून वृद्धापकाळाच्या निधीची वर्गणी कापली जाते, आणि ते निवृत्तिवेतन त्यांच्या पदरी पडण्याची आशा नसते. शिवाय 'आपला तो बाळ्या' या न्यायापासून आपणही दूर नाही. ५ फेब्रुवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या लष्करी विमानातून १०४ भारतीयांस हातकड्या घालून अमृतसरला उतरविण्यात आले, तेव्हा आपल्याकडे त्यांच्या बेकायदेशीरपणापेक्षा त्या हातकड्यांचीच चर्चा अधिक झाली. त्यांत महाराष्ट्रातीलही तिघे होते.

शाळेपुरता हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८२ सालीच तोडला होता. टेक्सास राज्यातील टायलर गावी अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागण्यात आली. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताचा निवाडा लिहून, आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांस देता येणार नाही असे ठरविले. लक्षात घेण्याजोगे हे, की विरुद्ध मत देणारे सरन्यायाधीश बर्गर यांनीही या मुलांस निरक्षर ठेवणे शहाणपणाचे नाही हे मान्य केले होते. त्यांची तक्रार एवढीच, की हे काम न्यायालयाचे नव्हे, विधिमंडळाचे आहे.

१८७ वा प्रस्ताव न्यायालयात अडकला, आणि १९९९ साली नव्या गव्हर्नरांच्या कारकिर्दीत सरकारने अपिलाचा नाद सोडल्यावर त्याची मुख्य कलमे कायमची निकालात निघाली. पुढे २०१६ साली त्याच राज्याने अशा मुलांस वैद्यकीय योजनेत घेतले, आणि आजच्या बंदीतूनही मुले व गरोदर स्त्रिया वगळल्या आहेत. लोकमत रागावते, तसेच ते निवळतेही. पण रागाच्या त्या चार वर्षांत ज्याची शाळा सुटली, त्याची इयत्ता परत येत नाही. टेनेसी राज्याच्या सेनेटने एप्रिल २०२५ मध्ये शाळांस पुन्हा मुलांचे कागद तपासावयास लावणारे विधेयक संमत केले. त्या वर्षीच्या अधिवेशनात ते प्रतिनिधिगृहात अडले, हे बरे झाले.