हिरवा उजेड म्हणजे कॅन्सर नव्हे

‘आमच्या कॅमेऱ्यात आतड्याचा कॅन्सर हिरवा चमकतो, एकही पेशी मागे राहत नाही!’ असले व्हिडिओ पेशंट मला मोबाईलवर दाखवतात. ही चक्क दिशाभूल आहे.

या ऑपरेशनमध्ये बहुतेक ठिकाणी वापरतात तो रंग इंडोसायनिन ग्रीन. अमेरिकेत त्याला 1959 मध्येच मान्यता मिळाली, त्यामुळे त्यात ‘नवीन’ काही नाही. शिरेतून दिला की तो रक्तातल्या प्रथिनांना चिकटतो आणि खास कॅमेऱ्यात चमकतो. थोडक्यात, चमकतं ते रक्त. ट्यूमर काढल्यावर आतड्याची दोन टोकं जोडतात. त्या टोकांना रक्त पोचतंय का, हे सर्जन यात बघतो. हे काम महत्त्वाचं आहे, कारण जोड गळला तर जिवावर बेततं. पण कॅन्सर कुठवर पसरलाय, हे काढलेला भाग तपासून पॅथॉलॉजिस्टच सांगतो.

कॅन्सरच्या पेशींना चिकटणारे रंगही निघालेत. पाफोलासियानीनला अमेरिकेत 2021 मध्ये अंडाशयाच्या आणि 2022 मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजुरी मिळाली. ती आतड्यासाठी नाही.

तेव्हा कॅमेऱ्यावर भाळून हॉस्पिटल निवडू नका. सर्जनना विचारा: वर्षाला आतड्याच्या कॅन्सरची किती ऑपरेशन्स करता? किती जोड गळतात? (विचारल्याचा राग आला, तर दुसरे सर्जन बघा.) कॅमेऱ्याचे जादा पैसे लावत असतील, तर तो नेमका कशासाठी वापरणार, तेही विचारा. आणि आयोडीनची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. या रंगाच्या इंजेक्शनमध्ये आयोडाइड असतं.